समुद्राचा नारळ

अंदमानच्या बोटीत बसलो तेव्हा माझ्या बायकोच्या, सुमनच्या पिशवीत पुण्याहून आणलेला नारळ होता. दुखण्यातून उठले तर समुद्राला नारळ वाहीन, असं ती बोलली होती. बेटाजवळ बोट थांबली, तिने तो बाहेर काढला, तसा आमचा गाईड घाईघाईने म्हणाला, “मॅडम, पाण्यात काही टाकायचं नाही. खाली प्रवाळ आहे.”

सुमनचा चेहरा उतरला. मला त्याचा रागच आला. एवढ्या समुद्राला एका नारळाने काय होणार होतं!

किनाऱ्यावर उतरल्यावर तो तिला भरतीच्या रेषेपाशी घेऊन गेला. तिथे एक न सोललेला नारळ पडला होता आणि त्यातून वीतभर हिरवा कोंब वर आला होता.

“हा वाहत आलाय. इथली पुष्कळ झाडं अशीच आलीत,” तो म्हणाला.

समुद्राला नारळ वाहायचा, एवढंच आपल्याला ठाऊक. समुद्रही तो कुणाच्या तरी दारात आणून ठेवतो, हे कधी मनातच आलं नव्हतं. कुठून निघाला असेल, किती दिवस खारं पाणी सोसलं असेल, आणि पडल्या जागी त्याने कोंब काढला.

सुमनने तो दोन्ही हातांनी उचलून लाटा पोचणार नाहीत अशा जागी ठेवला, भोवती वाळू ओढली. पुण्याचा नारळ आम्ही खडकावर वाढवला. सगळ्या बोटीने खोबरं खाल्लं.

“याला फळं कधी धरतील?” तिने विचारलं.

“सहा-सात वर्षं तरी जातील.”

वर्षभर पुढच्या तपासणीपलीकडचं काही न बोललेली सुमन म्हणाली, “मग तेव्हा येऊ.”