रत्नपाल सरांचा फोटोचा क्लास

रत्नपालला लोक 'सर' म्हणायला लागले तेव्हा त्याची पस्तिशी जवळ आली होती. तोपर्यंत तो नुसता फोटोवाला होता. घर कळमनुरीच्या भीमनगरात. बाप ग्यानोबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचा. दहावीनंतर पुढं शिकवायचं बापाला झेपेना, म्हणून रत्नपाल नांदेडला एका स्टुडिओत कामाला लागला. ते नव्वद-एक्याण्णव साल असेल.

स्टुडिओच्या मालकानं त्याला बरेच दिवस कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. काम काय, तर डार्करूममध्ये ट्रे धुवायचे आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून लोकांच्या तोंडावरचे देवीचे वण, मुरुमांचे डाग बुजवायचे. त्या उलट्या, काळ्यापांढऱ्या चेहऱ्यांकडं दिवसभर बघून बघून रत्नपालची नजर तयार झाली. उजेड कपाळावर कुठं थांबतो, नाकाच्या बाजूनं कसा उतरतो, हनुवटीखाली कसा संपतो, हे त्याला न बघता सांगता यायला लागलं. मालक म्हणायचा, "पोरा, कॅमेरा कुणीबी घेईल इकत. ही नजर कुठं मिळनार?"

हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि नवीन कचेऱ्या आल्या. कचेरी म्हटलं की अर्ज आला आणि अर्ज म्हटलं की फोटो आला. रत्नपाल बायको करुणा आणि लहानग्या ज्योतीला घेऊन हिंगोलीला आला, छोटं दुकान टाकलं. करुणा अंगणवाडीत लागली. बरं चाललं होतं.

मग डिजिटल कॅमेरे आले. खेड्यापाड्यातले रोलवाले फोटोग्राफर घाबरून गेले. कुणी सेनगावहून, कुणी औंढ्याहून, नवा कॅमेरा लेकरासारखा छातीशी धरून रत्नपालच्या दुकानात यायचे. "रत्नपालभाऊ, हे मशीन इकत तर घेतलं, पर चालवायचं कसं?" रत्नपाल पुण्याला जाऊन शिकून आला होता. तो सगळ्यांना दाखवायचा. गर्दी वाढली तेव्हा करुणाच म्हणाली, "फुकट घसा कोरडा करण्यापरीस क्लास काहून काढत न्हाई?"

बसस्टँडमागं एका भुसार दुकानाच्या माडीवर क्लास सुरू झाला. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि पूर्वेला मोठी खिडकी. लोडशेडिंगच्या वेळा बघून रत्नपाल शिकवायचा. वीज असली की कॉम्प्युटर, वीज गेली की खिडकी. पोरांना खिडकीचा तास नको असायचा. एकाला खिडकीशी बसवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडावरचा उजेड बघायचा, हे काय शिकणं झालं? पण रत्नपाल हटायचा नाही. "आधी डोळा, मग बटन," म्हणायचा. एका सकाळी सगळ्यांना जीपमध्ये कोंबून सिद्धेश्वर धरणावर घेऊन गेला. भोई लोक जाळी झाडत होते, पाण्यावरून ऊन उलटं त्यांच्या तोंडावर येत होतं. त्या दिवशी रत्नपाल इतका बोलला, इतका हसला, की पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आयुष्यात त्याला एवढं सुखी कुणी पाहिलं असेल तर ते त्याच दिवशी.

त्या जीपमध्ये एक मुलगी होती. साधना. गोरेगावजवळच्या खेड्यातली, रामकिशन नावाच्या शेतकऱ्याची बारावी झालेली लेक.

ती क्लासला कशी आली तेही सांगायला पाहिजे. रत्नपाल तिच्या चुलतबहिणीच्या लग्नाचे फोटो काढायला गेला होता. हळदीच्या वेळी बायकांनी त्याला बघितलं की पदर तोंडावर यायचे, गाणी थांबायची. तो ओशाळून दारातच उभा राहिला. तेव्हा ही पोरगी पुढं आली. "द्या हिकडं, मी काढते." रत्नपालनं कॅमेरा दिला, कुठलं बटन ते सांगितलं. आतून पुन्हा गाणी सुरू झाली. रात्री घरी येऊन त्यानं ते फोटो कॉम्प्युटरवर बघितले आणि करुणाला हाक मारली. हळदीनं माखलेले हात, हसताना मिटलेले डोळे, आजीच्या पडलेल्या दातांच्या फटी. त्याला उभ्या जन्मात घराच्या त्या भागात शिरता आलं नसतं.

आठ दिवसांनी तो स्वतः रामकिशनकडं गेला.

रामकिशन म्हणाला, "सर, पोरीच्या जातीनं लग्नाच्या मांडवात कॅमेरा घेऊन फिरायचं, बरं दिसंल का?"

"बायकांचे फोटो बाईनं काढले तर उलट बरं दिसंल, दादा. लोक बोलावून नेतील तिला. अन् क्लासमध्ये मी हाय ना. मी जबाबदारी घेतो."

रामकिशननं बायकोकडं, मंजुळाबाईकडं, बघितलं. ती म्हणाली, "लग्न ठरंस्तोवर जाऊ द्या. घरात तरी काय करून राहिली?"

साधना रोज जीपनं हिंगोलीला यायला लागली. तिला कॉम्प्युटरची फार गोडी नव्हती, खिडकीची होती. याच्या अगदी उलट बालाजी. तो सेनगावचा, बोटं विजेसारखी चालायची. एका फोटोतलं माणूस कापून दुसऱ्यात बसवायचं, ज्याला सगळे 'जोडकाम' म्हणायचे, ते त्याच्याइतकं सफाईनं कुणाला जमत नव्हतं. केसांची कड मऊ करायची, कातडीचा रंग जुळवायचा, हे एकदा सांगितलं की झालं. आणि जोडकामाला मागणी फार. कुणाला मेलेला बाप कुटुंबाच्या फोटोत हवा असायचा, कुणाला नवरानवरीमागं बर्फाचा डोंगर. बालाजीनं एका म्हातारीला तिच्या वारलेल्या मालकाशेजारी बसवून दिलं तेव्हा ती फोटो घेऊन माडीवरच रडत बसली. रत्नपालनं सगळ्या वर्गासमोर बालाजीच्या पाठीवर थाप मारली.

बालाजीनं साधनाला लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली आणि गप्प राहिली, घरी सांगितलं नाही, सरांनाही नाही. सांगितलं असतं तर घरच्यांनी क्लासच बंद केला असता.

दिवाळीनंतर तिची सोयरीक झाली. मुलगा कळमनुरीकडचा, शिकलेला, चांगल्या घरचा. तो तिला म्हणाला होता, लग्नानंतर कॅमेरा घेऊन देतो. ती ही गोष्ट क्लासमध्ये सांगताना लाजली होती.

कुंकू लागून महिना झाला असेल नसेल. एका दुपारी रामकिशन माडीवर आला. चप्पल काढायचीही शुद्ध नव्हती. त्यानं खिशातून एक फोटो काढून रत्नपालसमोर टेबलावर ठेवला.

"सर, हे तुमच्या क्लासात झालं का?"

फोटोत साधना खुर्चीवर बसली होती. तिच्या मागं बालाजी, तिच्या खांद्यावर हात टाकून, गालाला गाल लागेल इतका जवळ. फोटो मुलाच्या घरी कुणीतरी पोचवला होता. आणखी प्रती गावात फिरत होत्या.

रत्नपालनं फोटो ओळखला. साधनाचा तो खिडकीच्या तासाचा होता, त्यानंच काढायला लावलेला, त्यात ती एकटी बसलेली. केसांची कड बघितली. मऊ केलेली होती. रंग जुळवलेला होता. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती, एक सोडून. साधनाच्या तोंडावर उजेड डावीकडून येत होता आणि बालाजीच्या तोंडावर उजवीकडून. इतक्या जवळच्या दोन माणसांच्या सावल्या एकमेकींकडं पडल्या होत्या.

"दादा, हे खोटं हाय. जोडलेलं हाय हे."

"खोटं हाय ते मला ठावं हाय," रामकिशन म्हणाला. "माझी पोरगी हाय ती. मी तुमाला इचारून राहिलो, आता करायचं काय?"

रत्नपाल तडक सेनगावला गेला. बालाजी स्वतःच्या नव्या दुकानाच्या पाटीला रंग देत होता. रत्नपालनं त्याच्या थोबाडीत मारली. बालाजीनं हात उचलला नाही.

"सर, गंमत म्हणून केला व्हता. दोस्तानं नेला, त्यानं वाटला. मी काय वाटायला सांगितलं व्हतं?"

"काहून केलास?"

"तुमीच तर शिकवलं," बालाजी म्हणाला. त्यात उद्धटपणाही नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

पोलिसात जायला रामकिशन तयार होईना. "ठाण्यात गेलं की पेपरात येईल. आता दोन गावं बोलतेत, मंग जिल्हा बोलंल." तेव्हा रत्नपाल म्हणाला, आपण मुलाकडच्यांना जाऊन समजावू. पुराव्यानं समजावू. त्यानं साधनाचा मूळ फोटो मोठा करून छापला, बालाजीचाही मूळ फोटो क्लासच्या कॉम्प्युटरवरून शोधून छापला, आणि दोघं कळमनुरीची बस धरून गेले.

मुलाचा आजा सोनाजी ओसरीवर बसला होता. शेजारी मुलाचा बाप, दोन भाऊबंद. मुलगा स्वतः दिसला नाही. पाणी आलं, चहा आला. माणसं वाईट नव्हती. रत्नपालनं तिन्ही फोटो सतरंजीवर मांडले आणि शिकवतात तसं शिकवायला लागला. हा बघा उजेड. ही बघा सावली. हा हात बघा, दुसऱ्याच फोटोतून आणलाय. सूर्य काय दोन असतेत का?

सोनाजीनं वाकून नीट बघितलं. मान हलवली. "बराबर हाय, मास्तर. तुमी म्हनता ते दिसतंय."

रामकिशननं पहिल्यांदा मोठा श्वास घेतला.

तेवढ्यात एक भाऊबंद म्हणाला, "फोटो असा कसाबी बनवता येतो म्हनता. मंग ही पोरगी एकटी बसलेला फोटो खरा, हे तरी कशावरून? हाबी तुमीच बनवला असंल. तुमी तिचे मास्तर."

रत्नपालनं तिन्ही फोटोंवरून पुन्हा नजर फिरवली. आपण इथपर्यंत कशाच्या आधारावर आलो होतो, तेच त्याला आठवेना.

सोनाजीनं त्या भाऊबंदाला गप्प केलं. मग रामकिशनच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "पाव्हणं, पोरगी तुमची सोन्यासारखी असंल. मी न्हाई म्हनत न्हाई. पर फोटो साऱ्या गावानं बघितला. लोकं त्वांड बघतेत, सावली कोण बघतंय? उद्या ती सून होऊन आली तर पाणवठ्यावर तिला कोण सुखानं राहू देईल? तिचीच तकलीफ होईल."

सोयरीक मोडली. परतीच्या बसमधून हिंगोली स्टँडवर उतरल्यावर रामकिशन रत्नपालला म्हणाला, "तुमी मेहनत केली. पर त्या दिवशी तुमी माझ्या घरी आले नसते तर बरं झालं असतं."

रत्नपाल त्यानंतर एकदा साधनाला भेटायला गेला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. नांदेडला एक ओळखीचा स्टुडिओ आहे, तिथं काम मिळेल, असं काहीतरी मनात होतं. मंजुळाबाई बाजूच्या खोलीत गेली. साधनानं चहाचा कप खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सर, तुमच्यावर राग न्हाई माझा. पर आता येऊ नका. तुमी आले की लोक पुन्हा इचारतेत, कोण आलं व्हतं. अन् मंग फोटोची गोष्ट पुन्हा सुरू होते."

तो चहा न पिता उठला.

पुढच्या उन्हाळ्यात तिला पुसदकडं दिलं. नवरा बिजवर, तिच्याहून बराच मोठा, आधीची दोन लेकरं. लग्नात फोटोग्राफर बोलावला नव्हता, असं रत्नपालच्या कानावर आलं.

क्लास मात्र लगेच बंद पडला नाही. उलट पोरं जास्त यायला लागली. रत्नपालनं आता खिडकीचे तास वाढवले आणि जोडकाम शिकवणं सोडून दिलं. पोरं कुरकुरायची, आठ दिवसांत निघून जायची, दुसरीकडं जोडकामच शिकवणारे क्लास निघाले होते तिथं नाव घालायची. तरी तो शिकवत राहिला. एकदा दोन पोरं नाव घालायला आली. त्यातला एक चांगला तरतरीत होता. रत्नपालनं विचारलं, काय शिकायचं आहे? पोरगं मित्राकडं बघून हसलं आणि म्हणालं, "सर, ते गोरेगावकडच्या पोरीचा फोटो जोडला व्हता ना, तसं साफ जमायला किती महिने लागतेत?"

रत्नपालनं त्यांना खाली उतरवलं. त्या महिन्याच्या शेवटी माडी रिकामी केली. कॉम्प्युटर एका सायबर कॅफेवाल्याला देऊन टाकले.

मग मोबाइलमध्येच कॅमेरे आले. बालाजीचं दुकान सेनगावात चांगलं चाललं. लग्नाचे जाड जाड अल्बम, पानापानावर गुलाब आणि राजवाडे. हिंगोलीला आला की तो रत्नपालच्या पाया पडायचा. रत्नपाल पाय मागं घ्यायचा नाही आणि आशीर्वादही द्यायचा नाही. तहसीलजवळ निळा पडदा लावून तो पासपोर्ट फोटो काढायचा. गिऱ्हाईक बसलं की 'मान सरळ' एवढंच म्हणायचा. उजेड कसाही असला तरी बटन दाबायचा.

ज्योती नववीत गेली तेव्हा सुट्टीत एका रात्री जेवणाच्या वेळी बापाजवळ येऊन बसली. "बाबा, मला कॅमेरा शिकवा ना. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी काढीन फोटो."

"न्हाई."

"काहून?"

"न्हाई म्हटलं ना."

ज्योती उठून गेली. करुणा चुलीजवळून म्हणाली, "लोकाच्या पोरीच्या घरी जाऊन शिकवायला आणलं. आपल्या पोरीला न्हाई म्हनता?"

रत्नपालनं ताटातला घास तसाच ठेवला. "लोकाची पोरगी कुठं हाय आता, ठावं हाय ना तुला?"

ज्योतीनं पुन्हा विचारलं नाही.

त्याच उन्हाळ्यात त्यानं मोठा कॅमेरा विकला. घेणारा औंढ्याकडचा नवखा पोरगा होता. पट्टा गळ्यात अडकवून त्यानं अदबीनं विचारलं, "सर, तुमी क्लास घेत व्हते म्हनं. थोडं कायतरी सांगता का?"

"बटन दाबलं की फोटो निघतो," रत्नपाल म्हणाला, आणि निळ्या पडद्यासमोर बसलेल्या पुढच्या माणसाकडं वळला.