टाकीमागच्या सुर्वेबाई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मी रत्नागिरीत इंजिनिअरिंग कॉलेजात कंट्रोल सिस्टिम शिकवतो. स्वतःची चूक स्वतः ओळखून सुधारणारी यंत्रं. मोठ्या रुबाबात शिकवतो हो! आणि स्वतः?

शासनाची मूल्यांकन समिती येणार होती. श्रेणी घसरली तर शाखेच्या जागा कमी होणार, असं धोरण. आमच्या प्रयोगशाळेत पाण्याची पातळी आपोआप राखणारी टाकी होती. तिचा सेन्सर खाऱ्या हवेनं कधीच खाल्ला होता, आणि नव्याच्या मागणीचा कागद मुंबईला जाऊन बसला होता. मग मी शक्कल लढवली — शक्कल कसली, लबाडीच. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सुर्वेबाईंना टाकीमागे प्लायवुडच्या आडोशाला बसवलं. काचनळीत पातळी बघायची, हातानं झडप फिरवायची. "सर, ह्या बरा नाय हां," त्या म्हणाल्या. पण अकरा महिन्यांच्या करारावरची बाई मला नाही कसं म्हणणार?

समितीतले एक म्हातारे प्राध्यापक टाकीपाशी आले. बोलता बोलता त्यांनी सेन्सरची वायर उपटून हातात धरली. आता टाकी रिकामी समजून यंत्रानं झडप उघडायला हवी होती, पाणी चढायला हवं होतं. चढलं नाही. बाईंना पलीकडून काय दिसणार — त्या इमानानं झडप फिरवत होत्या. वायर प्राध्यापकांच्या हातात, आणि पाणी रेघेवर स्थिर!

त्यांनी प्लायवुड सरकवलं. बाई स्टुलावर, हात झडपेवर.

"हे कुणी करायला सांगितलं?"

'मी' — एवढंच म्हणायचं होतं. आणि मी काय म्हणालो? "बाईंनी परस्पर केलं असणार, सर. मला कल्पना नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे. त्यांनी माझं नाव घेतलं नाही — मी सांभाळून घेईन, असं वाटलं असेल का त्यांना?

करार पुन्हा झाला नाही. श्रेणी मात्र मिळाली. दोष एका बाईचा, कॉलेजचा नव्हे. मी विभागप्रमुख झालो.

पुढे बाई अनुभवाचा दाखला न्यायला आल्या. तो मलाच लिहायचा होता. 'वर्तन' या रकान्यापाशी पेन अडलं. 'उत्तम' लिहिलं, तर प्राचार्य विचारणार नाहीत का — मग काढलंत कशाला? मी रकाना कोरा सोडला. शरम वाटत होती, तरी सोडला. बाईंनी दाखला वाचला, घडी घातली. "येत्ये, सर," म्हणाल्या.

त्या दाखल्यावर त्यांना कुठे नोकरी लागली का, मी आजवर विचारलेलं नाही. त्यांचं घर कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर आहे.