घरटी एक माणूस

बीपी आटोक्यात ठेवलं तर म्हातारपणी हृदयाबरोबर मेंदूही शाबूत राहतो का, असं आमचं संशोधन होतं. नाव मोठ्या डॉक्टरांचं, पायपीट माझी. महाडहून सकाळची एसटी पकडायची, पोलादपूरला उतरायचं आणि तासभर डोंगर चढून वाडीवर जायचं. घरटी एकच माणूस, चिठ्ठी टाकून निवडलेला. त्याला महिन्याच्या गोळ्या द्यायच्या, बीपी मोजायचं, दहा शब्द ऐकवून त्यातले किती आठवतात ते लिहायचं. गळ्यात ओळखपत्र होतं, त्यामुळे मला भलताच तोरा होता.

वाडीतली बाकीची मंडळी गोळ्या विसरायची. शेवटच्या घरातले काका मात्र दर महिन्याला सगळी रिकामी पाकिटं पुढे ठेवायचे. त्यांचा दाखला देऊन मी इतरांची खरडपट्टी काढायचे. फक्त त्यांचं बीपी काही केल्या उतरेना.

एकदा काकींनीच चहा ओतता ओतता सहज सांगितलं. "आजची गोळी माजी. काल त्यांनी खाल्ली."

चिठ्ठी टाकायच्या आधी दोघांचं बीपी मीच मोजलं होतं. काकींचं जास्त होतं. चिठ्ठी काकांची निघाली. त्या घरात एक आंबा आला तरी मधोमध कापला जायचा. गोळीचंही तसंच झालं, एक दिवस काकांना, एक दिवस काकींना.

मी भडकले. कुणाच्या जिवाची काळजी वगैरे नव्हती, माझे आकडे खोटे ठरणार होते म्हणून भडकले. काकांना म्हटलं, "ही गोळी फक्त तुमची. काकींना दिलीत तर गोळ्याच बंद करीन."

"नाय देत गो बाय, शपत," काका घाबरून म्हणाले.

काकींना निघता निघता उंबरठ्यावरून सांगितलं, "तुम्ही खाली सरकारी दवाखान्यात जा. फुकट मिळतात." त्या गोठ्याकडे बघून नुसत्या हसल्या. गुरं सोडून दर महिन्याला कोण डोंगर उतरणार, हे मला कळत होतं. दवाखान्यात एक शब्द टाकून त्यांच्या गोळ्या मीच वर आणू शकले असते. आणल्या नाहीत. ते माझं काम नव्हतं.

पुढच्या महिन्यात काकांचं बीपी झक्क उतरलेलं. "बघा, ऐकलंत की गुण येतो," मी ऐटीत म्हटलं. काकींकडे मी पाहिलंही नाही.

त्याच्या पुढच्या खेपेला काकी पडवीत आडव्या होत्या. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं, बोलणं बंद. पंधरवड्यापूर्वी सकाळी म्हशीची धार काढताना कोसळल्या, झोळीतून खाली दवाखान्यात नेईपर्यंत दुपार झाली, कालच परत आणलं, असं शेजारणीने सांगितलं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिथून पळून जावंसं वाटलं.

काकांनी सवयीने बाही वर केली. मी पट्टा बांधला. बीपी उत्तम होतं. मी मान खाली घालून आकडा लिहीत होते, तेव्हा ते जवळ सरकले. शाबासकी मिळेल अशा आशेने हळूच म्हणाले, "डोकं फुटतंय म्हनून मागत होती गो, चार दिस. रडली पन. मी नाय दिली. तू सांगितलं होतंस ना."