पडद्यावरच्या मुलीची चौकशी

विहिरीत सोडलेल्या गळाला काहीतरी जड लागलं, तेव्हा हरवलेल्या मुलीची आई काठावर बसली होती. मी तिचा दंड घट्ट धरला. वर आली ती कुजलेली सतरंजी. तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो, सतरंजीच्या वासासकट.

मी सातवी पास. नवरा पोलिसात असताना वारला, त्याच्या जागेवर लागले, लातुरात हवालदार म्हणून निवृत्त झाले. हे शेवटच्या वर्षातलं प्रकरण.

नायगावकडची अठरा वर्षांची मुलगी डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला वसतिगृहात राहत होती. तीन दिवस बेपत्ता. मिसिंगची नोंद झाली, सगळ्या नातेवाइकांना फोन झाले. मग तिच्या खोलीतली मैत्रीण लॅपटॉप छातीशी धरून ठाण्यात आली.

"मावशी, ती क्लासला जातच नव्हती. ही भुताची गेम बनवून राहिली होती."

गेम अर्ध्या तासाची. चित्रातली मुलगी अंधाऱ्या खोलीत बसलेली. ती बोलते, खाली दोन वाक्यं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं. फौजदारसाहेबांनी सवयीनं निवडलं, "खरं सांग." मग, "घरी कळवू का?" मुलीचा चेहरा पुसत गेला, आधी डोळे, मग तोंड, आणि शेवटी ती वसतिगृहामागच्या विहिरीत उतरली. साहेबांनी तीनदा खेळून तोच शेवट पाहिला आणि गळ मागवला.

सतरंजी निघाल्यावर मी ठाण्यात येऊन लॅपटॉप स्वतःपुढं ओढला.

"मावशी, जमंल का तुम्हाला?" साहेब म्हणाले.

"वाचता येतंय की."

हरवलेली पोरगी सापडली की मी नाव विचारायच्या आधी खायला देते. उपाशी माणूस जबाब देत नाही, नुसता रडतो. पडद्यावर पहिल्याच ठिकाणी दुसरं वाक्य होतं, "जेवलीस का?" मी ते दाबलं.

साहेब हसले. "जबाब घ्यायचाय मावशी, पंगत न्हाई बसवायची."

पण या वेळी चेहरा पुसला नाही. "न्हाई," पडद्यावरची मुलगी म्हणाली, "बाईच्या हातची भाकर पाहिजे." मग पत्र्याची खोली दिसली, मागं सागाची झाडं. रेल्वे गेली की फळीवरची भांडी हलायची.

हरवलेल्या मुलीची आई ठाण्यातल्या बाकावरून उठली. "हे किनवट हाय! पाचवीपासून तिथल्या शाळेच्या वसतिगृहात होती. ही बाई म्हंजे तिथली स्वैपाकीणबाई!"

नातेवाइकांच्या यादीत स्वैपाकीण कुणीच धरली नव्हती. मीही नाही. बाईंकडं फोन नव्हता, म्हणून जीप काढली.

मुलगी बाईंच्या ओट्यावर मेथी निवडत होती. बाई माझ्यावरच ओरडल्या, "पोलीस कशाला? लेकरू सुट्टीला आलंय. किती वाळलंय बघा!"

मी काही विचारलं नाही. आम्ही जेवलो. मग मुलगी आपणहून बोलली.

"आधी विहिरीचाच शेवट लिहिला होता. मग दुसरा लिहिला. तो खरा होतो का, बघायला आले."

"झाला का?"

"भाकर तर मिळाली. मला डॉक्टर न्हाई व्हायचं, मावशी. बाबाला कोण सांगणार?"

"मी. वर्दीत आहे तोवर सांगून घेते."

सांगितलं. तिसऱ्या दिवशी बापानं ती गेम बघायला मागितली.

खायला घालणं ही माझी सवय आहे, असं मी समजत होते. तोही तपासच असतो, हे मला त्या पोरीनं शिकवलं. स्वैपाकीणबाई मागच्या वर्षी वारल्या. मुलगी जिवंत आहे.