दह्याची गाडी

आमच्या घरी गाडीची परीक्षा दह्यानं घेतली. बाबांनी एका जुन्या परदेशी मोटारीचं सस्पेन्शन खोलून पाहिलं आणि त्याच धर्तीवर चाचणीच्या गाड्या बांधल्या. पुढचं आणि मागचं चाक एकाच स्प्रिंगला जोडलेलं, म्हणजे खड्ड्याचा धक्का दोन्ही चाकांत वाटला जाई. हे सगळं आईसाठी होतं. मणका दुखावल्यापासून तिला एसटी सोसत नव्हती आणि गडहिंग्लजला तिचा थोरला भाऊ शेवटच्या आजारात पडून होता.

"दही मोडलं न्हाय तर मी बसते," म्हणत तिनं घट्ट दह्याचं भांडं दिलं.

पहिली गाडी उसाच्या शेतांमधल्या खडबडीत रस्त्यानं फिरवून आणली, तर भांड्यात ताक.

"लोणी बी काढून आणायचं की," आई म्हणाली.

दुसऱ्या गाडीत निम्मं पाणी सुटलं. तिसऱ्या गाडीतल्या दह्यावर साधी चीर नव्हती. आई गाडीत बसली, तेच भांडं मांडीवर घेऊन.

मामाजवळ पोहोचल्यावर तिनं त्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं, घरातून प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर ठेवतात तसं.

मामा हसला. "मी कुठं निघालोय गं?"

"खा की, दादा," आई म्हणाली.

त्यानं तळहात चाटून स्वच्छ केला. मग तो हात तिनं सोडलाच नाही.