सातव्या उपवासाची परीक्षा

मंचरच्या पेठेत जवरीलाल यांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांची मुलगी टीना दुपारी दुकानात बसायची. मागच्या खोलीत, पिंपांच्या खोक्यांमागे, तिने दोन जुने संगणक एकमेकांना जोडून ठेवले होते. दोन्हींवर लिनक्स ही संगणकप्रणाली होती. एक मुद्दाम बिघडवायचा आणि दुसऱ्यावर वाचत वाचत तो दुरुस्त करायचा, असा तिचा दोन वर्षांचा सराव होता.

२००६ साल होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या पुण्याच्या कंपन्या पदवीपेक्षाही आधी लिनक्सचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र विचारत. निरगुडसरचा भरत तिसऱ्या वर्गात बी.ए. झालेला आणि मंचरला संगणकाचा क्लास चालवणारा. ती परीक्षा पास झाल्यावर तीन आठवड्यांत तो पुण्यात नोकरीला लागला होता. टीनाला त्यानेच शिकवलं होतं. जुलैत तो दुकानात आला तो निरोप घेऊन.

"आमच्याकडं एक जागा निघालीय. साहेबांना तुझं काम दाखवलंय. पण सर्टिफिकेट एक सप्टेंबरच्या आत पाहिजे. दुसरा एक जण रांगेत हाय, अन् त्याच्याकडं ते हाय."

जवरीलाल कढईवरची धूळ पुसत ऐकत होते. "मास्तर, शिरूरचं पावणं माझ्या मागं लागल्यात. त्यांना काय सांगू?"

"सांगा, पोरगी सर्व्हर सांभाळती."

"त्यांना पोळपाट सांभाळणारी पाहिजे, राव."

हसून झालं, मग ठरलं. पास झाली तर नोकरी, आणि दोन वर्षं लग्नाचा विषय बंद. नाही झाली तर शिरूर.

परीक्षेची तारीख मिळाली ती पर्युषणाच्या, जैनांच्या आठ दिवसांच्या पर्वाच्या, सातव्या दिवसाची. त्यापुढची थेट ऑक्टोबरात होती. आई पानबाई म्हणाल्या, "अठाई कर. तपाचं बळ मिळंल." अठाई म्हणजे आठ दिवस अन्न नाही. फक्त उकळून निववलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. टीनाने आदल्या वर्षी पाच उपवास केले होते आणि पाचही दिवस दुकान सांभाळलं होतं. पाच झाले तर आठही होतील, असं तिने धरलं.

जैन स्थानकात साध्वींसमोर उपवासाचा नियम घ्यायचा तो एकेका दिवसाचा. कोणत्याही सकाळी थांबता येतं. पण तिसऱ्या दिवशी पानबाईंनी अठाई पुरी झाल्यावरच्या मिरवणुकीची बग्गी सांगितली आणि चौथ्या दिवशी तिच्या पत्रिका वाटून झाल्या. त्यातली एक शिरूरला गेली.

पाचव्या दिवशी टीनाचं डोकं दुखू लागलं. सहाव्या दिवशी दुपारी भरत तिचा सराव बघायला आला. रोज शंभरदा लागणारी एक आज्ञा तिला आठवेना. कीबोर्डवर बोटं ठेवून ती पडद्याकडे बघत राहिली. आज्ञा आठवली, पण तोवर बराच वेळ गेला होता.

"टीना, सोड गं हे. उद्या सकाळी वाटीभर मूग खा अन् जा."

"पत्रिका गेल्यात, भरतदादा."

"परीक्षा पत्रिका बघून पास करत्यात व्हय?"

तिने तीच आज्ञा पुन्हा टाइप करायला घेतली.

सातव्या दिवशी सकाळी आठच्या आधी दोघं पुण्यात पोचली. भरत तिला केंद्रावर सोडून रविवारच्या पाळीला गेला. टीनाजवळ उकळलेल्या पाण्याचा थर्मास होता. तो आत नेता येणार नव्हता. दारावरच्या बाईंनी ठेवून घेतला. परीक्षकाने सुरुवातीलाच नियम सांगितला: वेळ संपली की सगळी यंत्रं बंद करून पुन्हा सुरू केली जातील. जे यंत्र पूर्ण सुरू होणार नाही, त्याला शून्य.

सकाळचे अडीच तास बिघडलेली यंत्रं दुरुस्त करण्याचे होते. टीनाने सगळी दुरुस्त केली. त्यातलं एक यंत्र, सुरू होताना ते वाचतं त्या डिस्कच्या यादीतल्या चुकीच्या नोंदीमुळे, सुरूच होत नव्हतं. ते तिने दोन मिनिटांत उभं केलं.

मधल्या सुट्टीत ती दारावर आली. थर्मास उघडला तर आतलं पाणी गार होतं.

"कोमट झालं व्हतं, ओतून टाकलं," बाई म्हणाल्या. "कूलरचं भरून ठिवलंय, बर्फावानी. एवढ्या लांबनं आलाय तुमी."

"उकळलेलं मिळेल का कुठे?"

"आज रविवार. कँटीन बंद हाय, ताई. प्या की, चांगलं हाय पाणी."

टीनाने बाईंचे आभार मानले, थर्मासला झाकण लावलं आणि तशीच आत गेली.

दुपारी तीन तासांत नवा सर्व्हर उभा करायचा होता. तिचं काम पंधरा मिनिटं आधी संपलं. यंत्र एकदा बंद करून सुरू करायचं तेवढं राहिलं होतं. समोरची अक्षरं हलत होती म्हणून तिने दोन मिनिटं टेबलावर डोकं टेकलं. परीक्षकाने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा ते वर आलं.

यंत्रं एकामागून एक सुरू झाली. तिचं अर्ध्यावर थांबलं. पडद्यावर ओळ होती: डिस्क सापडत नाही. यादीत एक अक्षर चुकलं होतं. तसाच बिघाड तिने सकाळी काढला होता. आता कीबोर्डला हात लावायची परवानगी नव्हती.

निकाल दुसऱ्या दिवशी ईमेलने आला. दुकानातल्या त्या संगणकावर तो तिच्याशिवाय कोणालाही उघडता आला नसता. तिने उघडला, वाचला आणि बाहेर आली.

"पप्पा, नापास झाले."

"पुढची कधी?"

"ऑक्टोबरात."

"तवर जागा थांबंल?"

"न्हाई."

जवरीलाल यांनी फोन ओढला आणि शिरूरचा नंबर फिरवला.

नवव्या दिवशी पारणं झालं आणि बँड लावून मिरवणूक निघाली. बग्गीत टीनाच्या गळ्यात इतके हार होते की मान वळवता येत नव्हती. शिरूरच्या बाई, मुलाच्या आई, गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडून पाहिला.

"आठ दिवस नुसत्या पाण्यावर, अन् तोंडातनं शब्द न्हाई," त्या पानबाईंना म्हणाल्या. "आमच्या घरात अशीच पाहिजे."

एक सप्टेंबरला पुण्यातल्या त्या जागेवर दुसरा मुलगा रुजू झाला. भरतने दुकानात फोन करून ऑक्टोबरच्या परीक्षेची तारीख कळवली. टीनाने ती लिहून घेतली. परीक्षेच्या त्याच आठवड्यात शिरूरला तिचा साखरपुडा होता.