कासवांच्या माहेरचे गाऱ्हाणे

दाजींना कुणाशी भांडायचे असले की ते त्या माणसाशी बोलत नसत, देवाशी बोलत. तेही चारचौघांत, खणखणीत आवाजात आणि तो माणूस समोर हजर असताना. केरीच्या आमच्या वाड्यावरच्या देवळात गाऱ्हाणे घालायचा मान त्यांच्या घराकडे होता. दाजी गावाचे सुखदुःख देवाच्या कानावर घालायचे आणि जमलेले सगळे वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचे. पीकपाणी, गुरेढोरे, परगावी नोकरीला गेलेली मुले एवढे आटोपले की दाजींचा खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. "आमच्या थांब्यार बस न थांबयता जो पेडण्याक पळयता, त्या डायवराक वायच बुद्धी दी, म्हाराजा!" डायव्हर त्या दिवशी पहिल्याच रांगेत हात जोडून उभा होता आणि सवयीने तोही 'व्हय म्हाराजा' म्हणून बसला. देवासमोर हो म्हटलेले मोडायची आमच्याकडे कुणाची छाती होत नाही. दुसऱ्या दिवसापासून बस थांबू लागली.

मी पेडण्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. गाऱ्हाण्याच्या वेळी मी बायकांच्या बाजूला तोंड मिटून उभी राहायची, आणि हे दाजींच्या नजरेतून सुटलेले नव्हते.

"टीचर, तुझां तोंड दुखता काय गो?" ते विचारायचे.

"माझ्या विषयात पुरावा लागतो, दाजी."

"बरां. पुरावो गावलो काय माका सांग." एवढे बोलून ते काजूच्या बागेकडे निघून जायचे.

थंडीच्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर समुद्रातल्या कासविणी अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी गावात मिटक्या मारत खाल्ली जायची, पण ती कुणी खाल्ली हे आता गावात एकालाही आठवत नाही. दाजींना वनखात्याने हंगामापुरते राखणीला घेतले. काम साधे होते. कासवीण अंडी पुरून गेली की सकाळी त्या जागेभोवती जाळी ठोकायची आणि कुत्री हाकलायची. त्यात गाऱ्हाणे घाला असे कुणी सांगितले नव्हते, पण घालू नका असेही सांगितले नव्हते. दाजींनी पहिल्याच घरट्यासमोर नारळ ठेवला आणि सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! ही बाय बाळंतपणाक माहेराक इली आनी पोरां तुझ्या भरवशार टाकून गेली. त्या पोरांक कुत्र्यापासून राख, कुर्ल्यांपासून राख. कोणाची वाकडी नदर पडली आसात तर ती सरळ कर!" शेजारी वनखात्याचा गार्ड एकटाच होता. बिचाऱ्याने खाकी गणवेशात 'व्हय म्हाराजा' म्हटले.

मग आले स्वयंसेवक. एका संस्थेने कासव वाचवायचा आठवडा विकायला काढला होता. पैसे भरून राबायला माणसे येतात हे ऐकून आमच्या भाटकारांनी, म्हणजे बागांच्या मालकांनी, कपाळावर हात मारला, कारण ते जन्मभर उलट मजुरी देत आले होते. या मंडळींची राहायची सोय माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत व्हायची, तेव्हा त्यांच्याविषयी वाईट बोलणे मला शोभत नाही. तरी बोलते. निसर्गाच्या कुशीत आलेली ही माणसे पाठीवरची पिशवी उतरवायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारायची. प्लास्टिकविरुद्ध त्यांचा भारी राग, आणि तो व्यक्त करताना घसा सुकला की बाटलीबंद पाणी लागायचे. पुण्याच्या एकाने तर अंड्यांना गिटार ऐकवायची टूम काढली. दाजी त्याला म्हणाले, "आदीं आवशीक फोन लाव आनी विचार, तू पाळण्यात निजलेलो आसताना कोणी असां वाजयल्यां काय." पोराने खरेच फोन लावला. आईने काय सांगितले कोण जाणे, पण गिटार परत दिसली नाही.

आश्चर्य म्हणजे या सगळ्यांचा दाजींवर जीव होता. दाजी त्यांना जाळीपासून लांब, एका रांगेत उभे करायचे. "कासवाक तुमची गरज नाय. तुमकां कासवाची आसा. तेवां वायच मागे सरा!" मग गाऱ्हाणे व्हायचे आणि बंगळूर, दिल्ली, जर्मनी सगळे मिळून आपापल्या उच्चारात 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. पुष्कळांची समजूत होती की दाजी हे इथले जुने राजे असून दिवस फिरल्यामुळे कासवे राखतात. गावाने ती समजूत मोडली नाही, दाजींनी तर नाहीच नाही.

दाजींचा एकुलता मुलगा उदय. त्याने किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खाण्यापिण्याचा शॅक घातला आणि काळाची पावले ओळखून त्याला नाव कासवाचेच दिले. पाटीवर हसरे कासव आणि भोवती एवढे दिवे की जत्रेला लाज वाटावी. अडचण एकच होती. पिल्ले वाळूतून वर आली की उजेडाच्या दिशेने पळतात, आणि पूर्वी रात्रीचा उजेड फक्त समुद्रावर असायचा. एका सकाळी घरटे रिकामे दिसले, आणि बारीक पावलांच्या साऱ्या रेघा समुद्राकडे पाठ करून उदयच्या खुर्च्यांकडे गेलेल्या. दाजींनी टेबलांखाली वाकून सुकलेली पिल्ले एकेक करून टोपलीत वेचली. टोपली हसऱ्या कासवाच्या पाटीखाली ठेवली आणि तिथेच वाळूत बसले.

"बाबा, मी काय मुद्दाम केलंय?" उदय म्हणाला. "दिवे मालवले तर गिरायक बाजूच्याकडे वता. मी काय वाळू खावची?"

तोही खोटे बोलत नव्हता. मला दाजींची दया आली आणि उदयचीही.

पुढच्या हंगामाआधी देवळाची जत्रा आली. धंद्याला बरकत यावी म्हणून उदय सर्वांत मोठा नारळ घेऊन पुढे उभा. दाजींनी नेहमीप्रमाणे पिकापासून सुरुवात केली, गुरांवर आले, नव्या धंद्यांना यश दे म्हणाले. लोक तालात हुंकार देत होते. त्याच तालात, आवाज तसूभरही न बदलता, दाजी म्हणाले, "आनी कासवांच्या दिसांनी जो कोण दर्यार दिवे पेटयता, तो आपल्या हातान ते मालवतलो, म्हाराजा!" सगळ्या गावाबरोबर उदयच्या तोंडूनही 'व्हय म्हाराजा' निघून गेले. नारळ हातात तसाच राहिला, आणि त्याच्या लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता.

उदयने शब्द पाळला. हंगामभर शॅक अंधारात राहिला, गिऱ्हाईक खरेच बाजूच्याकडे गेले, आणि पिल्ले मात्र सरळ समुद्रात गेली. स्वयंसेवकांनी टाळ्या पिटल्या आणि फोटोखाली आपण निसर्ग वाचवल्याचे लिहिले. ज्याच्या पोटावर पाय आला होता तो कुठल्याच फोटोत नव्हता. पण शब्द देवाला दिलेला होता. बापाशी बोलायचे असे काही त्यात नव्हते, आणि उदय बोलला नाही. एका घरात, एका चुलीवरची पेज दोघे पाठ फिरवून जेवायचे.

मी एकदा धीर करून म्हटले, "दाजी, मुलाशी सरळ जाऊन बोला की."

त्यांनी जाळीची गाठ आवळली. "माका सरळ उलवूक येणा, टीचर," ते म्हणाले. "सगळो जल्म देवाच्या आडसून उलयलंय."

पावसाळ्यात दाजी गेले. साध्या तापाचे निमित्त झाले. स्वयंसेवकांनी ग्रुपवर हात जोडल्याची आणि सूर्यास्ताची चित्रे पाठवली. एकाने गडबडीत नाचणारी बाई पाठवली. दाजींना तीच आवडली असती. उदयने सगळे दिवसकार्य रीतसर केले, पण त्याच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिले नाही. गावात बोलणे सुरू झाले की गाऱ्हाणे घालणारा गेला, आता दिव्यांना विचारणार कोण? थंडीत शॅक पुन्हा उभा राहिला. उदय दिव्यांच्या माळा झटकून खांबांना बांधताना दिसला आणि मी काय समजायचे ते समजले.

मग हंगामातली पहिली कासवीण अंडी घालून गेली. सकाळी गार्डने जाळी ठोकली. स्वयंसेवकांची नवी तुकडी मीच किनाऱ्यावर घेऊन गेले होते. एका मुलीने विचारले, "इथे ते महाराजा असतात ना?" गार्ड ठोकलेली जाळी पुन्हा ठोकू लागला.

तेवढ्यात शॅकमधून उदय आला. हातात नारळ होता. तो जाळीसमोर ठेवून त्याने हात जोडले, आणि आवाज थेट दाजींचा निघाला. "बा देवा म्हाराजा! ही बाय माहेराक इल्या. तिच्या पोरांक राख." त्याने कलंडलेला नारळ सरळ केला. "आनी माझो बापूस तुझ्याकडे पावलो आसा. ताका सांग, काल रातीपासून उदयान दिवे मालवल्यात. ह्या वर्सा सांगूक कोण नाय, तरी मालवल्यात. ताका सांग, म्हाराजा."

तो थांबला. गाऱ्हाण्यात तिथे थांबायचेच असते. स्वयंसेवक नवखे, त्यांना काही माहीत नव्हते. गार्डने तोंड समुद्राकडे फिरवले होते. उदय डोळे मिटून वाट बघत होता.

पहिला 'व्हय म्हाराजा' माझा होता.